नाव आणि संस्था

त्या दुपारी रायपूरच्या तेलीबांध्याचा तलाव जागेवर नव्हता. सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून रोज दिसणारं पाणी मे महिन्याच्या उन्हाने पुसून टाकलं होतं आणि त्या जागी एक पांढरी, थरथरती चकाकी उरली होती. तिच्या कडेने जाणाऱ्या मोटारी जमिनीला न टेकता सरकत होत्या. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर साचला होता. दीक्षाला वाटलं, अशा दुपारी माणसांनी काही ठरवू नये. पण नेमक्या अशाच दुपारी, चार वाजता, कोसलधारा मेटल्स ही कंपनी आपल्या वर्षभराच्या निकालांविषयी जगाशी बोलणार होती.

जग म्हणजे अर्थात सगळं जग नव्हे. दर तिमाहीला कंपनीचे साहेब लोक एका टेबलाभोवती बसत, मधे फोन ठेवला जाई आणि मुंबईतल्या फंडांची तरुण मंडळी त्यांना प्रश्न विचारत. ऐकण्याची मुभा कुणालाही होती. विचारायचं असेल तर फोनवर आधी तारा दाबायचा, मग एक. म्हणजे आपण रांगेत उभे राहिलो. ही रांग कुणाला दिसत नसे आणि ती कोण लावतो हेही कुणी सांगत नसे. दीक्षाचे वडील भैय्यालाल मेश्राम गेलं वर्षभर दर खेपेला तारा आणि एक दाबत आले होते, आणि दर खेपेला त्यांची पाळी येण्याआधी वेळ संपत आली होती. वेळ किती शहाणी असते, दीक्षा मनाशी म्हणे. कुणापाशी येऊन संपायचं हे तिला अचूक कळतं.

भैय्यालालांना एकच गोष्ट विचारायची होती. कंपनीने जाहीर केलं होतं की जुन्या कारखान्यालगतच्या अनुत्पादक जमिनीचं मूल्य लवकरच मोकळं करण्यात येईल. दीक्षा सरकारी महाविद्यालयात इतिहास शिकवत असे आणि क्रियापदांकडे संशयाने पाहण्याची तिला सवय होती. मूल्य मोकळं करायचं म्हणजे जमीन विकायची. आणि त्या अनुत्पादक जमिनीवर, बिरगावच्या पुढे, मजदूर कॉलनी उभी होती. कॉलनीत लिंबाच्या झाडाखालचं ते घर होतं, जिथे भैय्यालाल आणि शेवंताबाई लग्न झाल्यापासून राहत होते. कंपनीच्या संस्थापकाने, म्हाताऱ्या बाबूजींनी, पहिली भट्टी पेटली त्या दिवशी सगळ्या कामगारांसमोर सांगितलं होतं: जिंदगी यहाँ लगाओगे तो जिंदगी भर यहीं रहना. ते लिहून घेणं कुणाला सुचलं नाही. आता बाबूजी नव्हते. त्यांचे चिरंजीव निरंजन भैया कंपनी चालवत होते. भाडेकरू म्हणून केलेल्या विनवण्यांना त्यांच्या कचेरीने उत्तर दिलं नव्हतं. पण कंपनी बाजारात आली तेव्हा कामगारांना थोडे थोडे शेअर मिळाले होते, आणि भैय्यालालांनी ते कधी विकले नव्हते. भाडेकरूला नाही तर नाही, मालकाला तरी उत्तर द्यावं लागेल, असा त्यांचा हिशेब होता.

कॉलनीत मे महिन्यात वीजही नसे आणि फोनची रेंजही नसे, म्हणून सगळे दीक्षाकडे जमले होते. आदल्या दिवशीच्या बुद्धपौर्णिमेची खीर शेवंताबाईंनी डब्यात भरून आणली होती. आईबाबांना गाडीतून आणून सोडणारा विकी, म्हणजे दीक्षाचा धाकटा भाऊ, ऑफिसला परतण्यापूर्वी जेवायला थांबला होता. आणि विकीची नोकरी कोसलधारा मेटल्समध्येच होती. नवा रायपूरच्या काचेच्या इमारतीत, गुंतवणूकदारांशी संबंध राखण्याच्या विभागात. अदृश्य रांग तिथूनच लागत असे.

"बाबा, आज तुम्ही लाइनमध्ये लागूच नका," विकी भाताकडे पाहत म्हणाला. "सवाल माझ्याजवळ द्या. मैं अंदर पूछ लूँगा."

"अंदर काहून?" भैय्यालाल म्हणाले. "मले समद्याइच्या समोर इचाराचं हाये."

"सबके सामने पूछने से क्या हो जाएगा?"

"समद्याइच्या समोर सांगतलं का मंग साहेबाले फिरता येत नाही."

"बाबूजी नाही का सांगून गेले सगळ्यांसमोर?" विकीच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने पाण्याचा पेला उगाच सरळ केला.

भैय्यालालांनी ताटातला भात एका कडेला ओढला. बोलली दीक्षा. "तेव्हा रेकॉर्डिंग नव्हतं. आता आहे. तुमच्याच वेबसाइटवर प्रत्येक शब्द छापून येतो. म्हणून तर भीती आहे ना?"

"भीती नहीं है, दीदी. टाइम नहीं है. एक घंटा असते. त्यात ज्यांनी करोडो लावले ते लोक कोळसा विचारतात, कर्ज विचारतात, भट्टी किती दिवस बंद होती ते विचारतात. काम की बात. मागच्या साली एका छोट्या शेअरवाल्याला घेतलं आम्ही. काय केलं त्याने, माहीत आहे? निरंजन भैयांवर कविता वाचली. खुद की लिखी हुई. मग म्हणे, दिवाली की मिठाई का डिब्बा क्यों बंद किया. आधे फंडवाले लाइन छोड़ के निकल गए."

विकीची बायको अनुश्री ओठ दाबून हसली. "डिब्बा भी तो बंद किया था ना," ती म्हणाली.

"तू किसकी तरफ है?"

"आपकी तरफ. खाना खाइए."

"आणि त्या कवीच्या आधी फंडवाल्यांनी काय म्हटलं होतं?" दीक्षाने विचारलं. "ग्रेट सेट ऑफ नंबर्स, सर. कॉन्ग्रॅच्युलेशन्स, सर. सगळे म्हणतात. तीही कविताच आहे, विकी. फक्त गद्यात."

"वो फॉर्मैलिटी है."

"मुजरासुद्धा फॉर्मॅलिटीच होती. फक्त तो न करणाऱ्याला दरबारात उभं राहू देत नसत."

"दीदी, तू नेहमी भोसल्यांच्या दरबारात का जाते? एजीएम है ना छोटे लोगों के लिए. साल में एक बार सबको मौका मिलता है."

"मागच्या एजीएमला बाबांचा माइक सुरू झाला तेव्हा सभा संपली होती. बाबा आभार मानणाऱ्या बाईला कॉलनीचं विचारत होते."

"चांगली होती पन ते बाई," भैय्यालाल म्हणाले. "म्हने, अंकल, मी कळवतो."

विकीने ताट बाजूला सारलं. तो चिडला की त्याची मराठी हळूहळू मागे पडे आणि हिंदी पुढे येई. "सीधी बात सुनो. फंडवाला नाराज हुआ तो शेअर बेचेगा, भाव गिरेगा, इसलिए उसको जवाब मिलता है. बाबा बेचेंगे तो क्या हिलेगा?"

"म्हणजे ज्याला सोडून जाता येतं त्याने विचारायचं," दीक्षा शांतपणे म्हणाली, "आणि ज्याला तिथेच राहायचं आहे त्याने ऐकायचं."

"पुरे व माय!" शेवंताबाईंनी वाढायचा डाव भांड्यात टाकला. "पोट्ट्याले जेवू दे सुदं. तू सरकारी कालेजात बसून मोठमोठं बोलतं, तुले कोनी काढत नाही. त्याले साहेबाच्या पुढं उभं राहा लागते. आन् तुमाले बी सांगून ठेवतो, दीक्षाचे बाबा, पोट्ट्याच्या पोटावर पाय देऊ नका. घराचं काय, घर पाहून घेऊ."

"कुठी पाहून घेशीन?" भैय्यालालांनी विचारलं.

"पाहून घेऊ म्हटलं ना."

विकी निघाला तेव्हा दीक्षा त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेली. जिन्यात ऊन पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत होतं. लिफ्टची वाट पाहताना त्याने आवाज खाली आणला. "दीदी, मैंने अपने लिए नहीं बोला. तुला माहीत नाही. रिटेलवाला, म्हणजे छोटा शेअरवाला, बोलायला लागला की साहेब लोक म्यूट करून हसतात. मैं उसी कमरे में बैठा रहता हूँ. मुझे भी हँसना पड़ता है." लिफ्ट आली. "बाबा पे नहीं हँस पाऊँगा."

दीक्षाला त्या क्षणी त्याची कीव यायला हवी होती. तिला फक्त एवढंच जाणवलं की तो पूर्वी जेवणानंतर वडिलांशेजारी सतरंजीवर आडवा होत असे आणि आता लिफ्टमध्येही ताठ उभा राहतो.

चारला थोडा वेळ असताना भैय्यालालांनी पुन्हा अंघोळ केली आणि पांढरा सदरा घातला. फोनवरच्या माणसांना सदरा दिसणार नव्हता, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. खिडकीपाशी खुर्ची ओढून ते बसले, समोरच्या तिवईवर फोन ठेवला आणि नंबर लावला. दीक्षा स्वयंपाकघरात खीर वाट्यांत काढत होती. पलीकडून एका मुलीचा गोड, झोपाळू आवाज आला. तिला त्यांचं नाव आणि संस्था हवी होती.

"भैय्यालाल मेश्राम," ते म्हणाले. "कोसलधारा मेटल्स."

"सर, आप मैनेजमेंट की ओर से हैं?"

"कंपनी से ही हूँ, बेटा. शुरू से."

"जी सर. आपको जोड़ रही हूँ."

दीक्षाने हे ऐकलं, आणि ऐकूनही तिच्या ध्यानात काही आलं नाही. ते उत्तर तिने जन्मापासून ऐकलं होतं. बँकेत, दवाखान्यात, रेल्वेच्या खिडकीवर, दीक्षाच्या शाळेत, जिथे जिथे कुणी आपण कोण असं विचारलं तिथे तिथे बाबांनी आधी आपलं नाव सांगितलं होतं आणि मग कारखान्याचं. कंपनीने त्यांना निवृत्तीच्या दिवशी शाल देऊन मोकळं केलं होतं. उलट बाजूने तसं काही घडलेलं नव्हतं.

फोनमधून बासरी वाजू लागली. एकच सुरावट वर जाई, थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शेवंताबाई दिवाणावर कलंडल्या. अनुश्री आपला फोन मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. ती ज्या फर्ममध्ये काम करत असे तिला असे फोन ऐकणं भाग होतं, आणि तिने आपलं नाव सकाळीच नोंदवून ठेवलं होतं. बाहेर तलाव नव्हताच. भैय्यालालांचे डोळे अर्धे मिटले होते. आयुष्यभर ते भट्टीच्या डोक्यावर, क्रेनच्या पिंजऱ्यात बसून खालून येणाऱ्या इशाऱ्याची वाट पाहत आले होते. वाट पाहणं त्यांना जमत असे. दीक्षा वाटी हातात घेऊन उभी राहिली आणि क्षणभर तिला वाटलं, हे सगळे कुणाच्या तरी स्वप्नात बसले आहेत आणि ते माणूस जागं झालं की खोली रिकामी होईल.

बासरी मधेच तुटली. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कपबशीचा आला, मग कुणीतरी जांभई दिली. इतक्या जवळून की शेवंताबाईंनी मान वळवून पाहिलं.

"विक्रांत, रिटेलवाले कितने हैं आज?"

"थोड़े से हैं, सुशील सर. सब पीछे हैं."

दुसरा आवाज विकीचा होता. ऑफिसात त्याला विक्रांत म्हणत. सुशील सर त्याचे वरिष्ठ.

"बाबा," दीक्षा कुजबुजली, "आपण भलत्याच खोलीत आलो आहोत. साहेबांच्या."

भैय्यालालांनी हात वर केला. त्या खोलीत आणखी कुणाला तरी चहा हवा होता, बिनसाखरेचा.

"और वो कॉलनीवाला? हर बार घंटी बजाता है."

"वो भी पीछे रहेगा, सर. टाइम नहीं बचेगा."

"है कौन?"

मधे साखरेचा चमचा कुणाच्या तरी कपात फिरला. 

"कोई रिटायर्ड क्रेन ऑपरेटर है, सर. थोड़ा भावुक आदमी है."

"मेश्राम. तुम्हारे ही सरनेम का है."

"उधर बहुत मेश्राम हैं, सर."

कुणीतरी हसलं. विकी हसला की नाही ते कळलं नाही.

"ज़मीन पे कोई पूछे तो एक ही लाइन," सुशील सर म्हणाले. "खाली ज़मीन है. बस. निरंजन भैया को भी यही बताया है."

दीक्षाचा हात आपोआप आपल्या फोनकडे गेला. हे सगळं टिपून ठेवलं पाहिजे. भैय्यालालांनी तिच्याकडे न पाहता तिवईवरचा फोन तळहाताने झाकला, जसा दिवा वाऱ्यापासून झाकतात.

"बाबा, बोलिए," अनुश्री पुढे झुकून म्हणाली. "अभी बोलिए ना. सब वहीं बैठे हैं."

"चोरून ऐकनं हाये हे," भैय्यालाल म्हणाले. "अशानं इचाराचं नसते." आणि त्यांनी फोन बंद केला.

कूलर तेवढा घरघरत राहिला. मग शेवंताबाई उठून बसल्या आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "साहेबाच्या समोर काय म्हनन तो? माहा बाप हाये म्हनन? लगेच काढून देतीन त्याले."

"हव," भैय्यालाल म्हणाले.

"लेकरू हाये."

"हव म्हटलं ना, शेवंता."

त्यांनी पुन्हा नंबर लावला. तीच मुलगी, तोच प्रश्न. या वेळी त्यांनी नाव सांगितलं आणि थांबले. "संस्था?" मुलीने विचारलं. "कोई नहीं, बेटा," ते म्हणाले. "अकेला हूँ."

चार वाजले. निरंजन भैयांचा उबदार, मऊ आवाज खोलीत आला आणि इंग्रजीतून बराच वेळ बोलत राहिला. जागतिक परिस्थिती कठीण होती, कंपनी कणखर होती. मग प्रश्नांचा तास सुरू झाला. भैय्यालालांनी तारा दाबला, एक दाबला, आणि बोट तिथेच ठेवून दिलं.

मुंबईहून एकेक आवाज येत गेला. प्रत्येकाने प्रथम अभिनंदन केलं. प्रत्येकाने आपण एकच प्रश्न विचारणार असं सांगून तीन विचारले. कोळसा, व्याज, पुढच्या वर्षीची क्षमता. एका मुलाने जमिनीविषयीही विचारलं. ते मूल्य कोणत्या तिमाहीत मोकळं होईल एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्याला मिळालं. उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत शेवंताबाईंच्या पायांवर आली. दीक्षाने प्रबंधासाठी नागपूरकर भोसल्यांच्या काळातले, छत्तीसगडाच्या सुभ्यातून गेलेले अर्ज वर्षानुवर्षं वाचले होते. विहिरीसाठी अर्ज, बैलासाठी अर्ज, हिरावलेल्या शेतासाठी अर्ज. त्यांत उत्तरं फार क्वचित सापडत. पण अर्ज तरी जपून ठेवलेले होते. कुणीतरी त्यांना दोरा बांधला होता, वाळवीपासून राखलं होतं. सुधारलेल्या काळाने एवढी सुधारणा केली होती की आता प्रश्न उच्चारलाच जात नसे, मग तो जपायचा प्रश्न नव्हता. हे वाक्य एखाद्या लेखात घालता येईल, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच शिसारी आली. बाबांचं बोट अजून फोनवर होतं. त्यांची मान झुकली होती. ते झोपले होते की ऐकत होते ते सांगता आलं नसतं.

"दीदी," अनुश्री म्हणाली. "मुझे पहले ले लेंगे."

"का?" दीक्षाने विचारलं.

"अनुग्रह कॅपिटल. मेरी फर्म. नाम से लगता है कोई बड़ा फंड है. हम लोग तो पंडरी बाज़ार के दुकानदारों को शेयर और बीमा बेचते हैं." ती हसायचा प्रयत्न करत होती. तिचा अंगठा फोनवर थांबला होता.

"सूनबाई, नको व," शेवंताबाई म्हणाल्या. "आपल्याच घराले आग लावून राहिली तू. घरचा हप्ता कोन भरन मंग?"

"आई, उन्होंने बोला, उधर बहुत मेश्राम हैं." अनुश्रीने सासूकडे पाहिलं. "मैं भी तो मेश्राम हूँ ना? कल मेरे लिए भी बोलेंगे, कोई है?"

तिने तारा दाबला, मग एक. शेवंताबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढचा प्रश्न अनुग्रह कॅपिटलच्या अनुश्री यांचा आहे, असं ती झोपाळू मुलगी दुसऱ्याच मिनिटाला म्हणाली. अनुश्रीने स्वच्छ इंग्रजीत अभिनंदन केलं. उत्तम निकाल, सर. आपल्यासोबत एक ज्येष्ठ भागधारक आहेत, प्रश्न तेच विचारतील. आणि कुणाला हरकत घ्यायला सवड मिळण्याआधी तिने फोन सासऱ्यांच्या हातात दिला. भैय्यालाल खुर्चीतून उठून उभे राहिले.

"निरंजन भैया, नमस्कार. मैं भैय्यालाल. बाबूजी के टाइम का आदमी हूँ. एक ही बात पूछनी थी. आप जो ज़मीन बेच रहे हैं, मजदूर कॉलनी उसी में है क्या? और है, तो उधर जो लोग रह रहे हैं, उनका क्या सोचा है?"

एवढंच. वर्षभर रांगेत उभा असलेला प्रश्न उच्चारायला पाव मिनिटही लागलं नाही. 

"अरे, बहुत अच्छा लगा," निरंजन भैया म्हणाले. त्यांना खरोखरच अवघडल्यासारखं झालं नव्हतं. त्यांना सांगण्यात आलेली गोष्ट त्यांनी खरी धरली होती, आणि खरी नसती तरी धरली असती. "बाबूजी के ज़माने के लोग तो हमारी फैमिली हैं. देखिए, वो खाली ज़मीन है. पुराने क्वार्टर थे कभी, अब कोई रहता नहीं. विक्रांत यहीं बैठे हैं, पूरा रिकॉर्ड इनके पास है. विक्रांत, ज़रा कन्फर्म कर दो."

फोनमध्ये कागद चाळले गेले. मग विकीचा आवाज आला, लांबून, पाण्याखालून यावा तसा.

"जी सर. खाली है."

"सर," ती मुलगी भैय्यालालांना म्हणाली, "क्या आपको अपने प्रश्न का उत्तर मिल गया?"

हे ती प्रत्येकाला विचारत आली होती आणि प्रत्येकाने होकार दिला होता. दीक्षाने बाबांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणायचं होतं, फक्त नाही. मग निरंजन भैयांना पुन्हा बोलावं लागलं असतं, कुणीतरी खोदलं असतं, आणि ज्याच्या तोंडून ते खोटं वदवून घेतलं होतं त्याच्यावर ते शेकलं असतं. सुशील सरांवर नाही. निरंजन भैयांवर तर नाहीच. हे बाबांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट उमटत गेलं की तिला त्यांच्या दंडाला धरून हलवावंसं वाटलं. रांगेची कंपनीला खरं तर गरजच नव्हती. भैय्यालालांना गप्प करण्याची सोय तिने कधीच पगारावर ठेवली होती.

"जी," भैय्यालाल म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. "मिल गया. धन्यवाद."

"बाबा!" दीक्षा ओरडली.

ते फोन खाली ठेवणार, तोच दिवाणावरून शेवंताबाई उठल्या. पदर सावरला, दोन पावलं आल्या आणि नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला, पोराच्या हातातली धारेची वस्तू काढून घ्यावी तसा. त्यांना फोन कानाला लावायचा असतो की तोंडासमोर धरायचा, याची खात्री नव्हती. त्यांनी तो तोंडासमोर धरला.

"नाही मिळालं," त्या म्हणाल्या.

"माफ़ कीजिए, मैडम, आप कौन?"

"त्याइची बायको. शेअरच्या कागदावर दुसरं नाव माहंच हाये."

"मैडम, समय की कमी के कारण..."

"मले एकच इचाराचं हाये, बाई. लंबं नाही बोलत मी." मुलीकडे त्यांचं लक्ष नव्हतंच. त्या खिडकीबाहेरच्या चकाकीकडे पाहून बोलत होत्या, जणू तो तिथेच कुठेतरी काठावर उभा होता. "विकी, खाली हाये म्हनतं तू. मंग मी कुठी राह्यतो रे?"

तिकडे कुणी म्यूट केलं नाही. कुणी हसलंही नाही. मुंबईत, आणखी कुठे कुठे, जेवढे लोक ऐकत होते तेवढ्यांचा श्वास त्या छोट्या यंत्रात ऐकू येतो आहे असं दीक्षाला वाटलं. कपबशी टेकल्याचा आवाज झाला. निरंजन भैयांनी, प्रथमच घाईने, कुणाला तरी हळूच विचारलं, "कौन है ये?"

"माय," विकी म्हणाला. तो हिंदीत नव्हता, इंग्रजीतही नव्हता. "माय, फोन ठेव न व."

"ठेवत नाही," शेवंताबाई म्हणाल्या. "पहिले साहेबाले सांग."